आकडा सांगायचा नाही

भाड्याची खोली बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो, मग बाथरूम, मग मोबाइलला रेंज आहे का ते. मोकाशी सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं, माझ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं, ताट फरशीच्या मधोमध ठेवून त्यात पाणी ओतलं आणि स्वतः पालथे पडून, हनुवटी हातावर टेकून त्या पाण्याकडे बघत राहिले. सत्तरीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि जमिनीवर पालथा! चांगली वीस मिनिटं गेली. आबा, म्हणजे माझे सासरे, दारातून डोकावले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यो मानूस खोली बघतोय का पान्यात भूत बघतोय?"

शेवटी सर उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "एकदाही हललं नाही. कधीपासून येऊ राहायला?"

माण गावातल्या पाच खोल्या त्यांनी अशाच बघून सोडल्या होत्या. तिथे सारखी बांधकामं, सारखे डंपर. डंपर गेला की ताटातलं पाणी थरथरतं, आणि पाणी थरथरलं की सरांच्या मायक्रोस्कोपखालची वर्षं थरथरतात. शेजारच्या नेरे गावातली आमची मागची खोली पूर्वी गोठा होती. खाली खडक, भिंती दगडी. बैल गेल्यावर फरशी घालून आम्ही ती भाड्याने द्यायला लागलो. आधी राहिलेली आयटीतली दोन मुलं आत रेंज येत नाही म्हणून वैतागून गेली होती. सरांना रेंज नकोच होती, त्यांना न हलणारी जमीन हवी होती.

सामान म्हणजे कपड्यांची एक बॅग, मायक्रोस्कोप, आणि चपट्या लाकडी पेट्या. त्याही एकीवर एक, छताला टेकतील इतक्या. टेम्पोवाल्याला हात लावू दिला नाही, एकेक पेटी स्वतः आणली. आबांनी विचारलं, "काय हाय ह्यात?"

"तळं आहे," सर म्हणाले.

मी या घरची सून, सुरेखा. बी.एस्सी. झालेली, माणच्या एका कंपनीत दोन वर्षं कॉम्प्युटरवर आकडे भरून कंटाळलेली आणि तेव्हा घरीच असलेली. तळं पेटीत कसं मावतं हे विचारायला मी चहा घेऊन गेले आणि त्या दिवसापासून पुढची अडीच वर्षं जवळजवळ रोज पहाटे त्या खोलीत बसले.

ते तळं हिमालयात खूप उंचावर आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, ओढे तळ्यात जाडसर फिकट गाळ आणतात. हिवाळ्यात तळं गोठतं, बाहेरून काही येत नाही, तेव्हा पाण्यात तरंगत राहिलेली अगदी बारीक माती सावकाश खाली बसते. ती काळसर दिसते. एक फिकट रेघ आणि एक काळी रेघ मिळून झालं एक वर्ष. सरांनी तरुणपणी गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून, बर्फाला भोक पाडून, तळाच्या गाळात लांब नळी घुसवून गाळाची अखंड कांडी वर काढली होती. पुण्यातल्या ज्या संस्थेत ते नोकरीला होते तिथे ती उभी चिरली. अर्धी संस्थेत जपून ठेवलेली, पुढे कोणाला आपल्यापेक्षा चांगले प्रश्न सुचतील म्हणून. उरलेल्या अर्धीचे पातळ काप काचपट्ट्यांवर घट्ट बसवलेले, आणि तेच या पेट्यांत. निवृत्तीनंतर सर मोजायला बसले होते. तळाकडे कुठेतरी एक काळपट पट्टा होता, जिथे पाऊस आणि बर्फ दोन्ही रुसलेले. तो दुष्काळ किती वर्षांपूर्वी सुरू झाला आणि तो हळूहळू आला की एकदम आला, एवढंच त्यांना मरायच्या आत जाणून घ्यायचं होतं. "एवढंच" हा त्यांचाच शब्द.

सरांचं वर्षांशी बोलणं ऐकण्यासारखं असायचं. पट्टी सरकवता सरकवता म्हणायचे, "हे वर्ष जरा किरकोळ दिसतंय, उन्हाळा आलाच नाही बिचाऱ्याला." किंवा, "या बाईंनी बघ कसा थाट केलाय, केवढा गाळ आणलाय!" तीन हजार वर्षांपूर्वीच्या पुराबद्दल बोलताना "परवा" म्हणायचे. त्यांच्या खोलीत कॅलेंडर नव्हतं. आमच्या मुलीने एकदा वय विचारलं तर म्हणाले, "सत्तर. अधिकउणे दोन." ती अजून स्वतःचं वय तसंच सांगते. शाळेत एकदा त्यावरून छडीही खाल्ली तिने.

मला त्यांनी आधी नुसतं बघायला बसवलं. पहाटे पाच ते सात. सात वाजले की दोनेक तास रस्त्यावरून कंपन्यांच्या बस जातात, तेवढा वेळ इथलीही जमीन थरथरते, आणि त्यांतली एक बस माझा नवराच चालवतो, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. त्या दोन तासांत गाव धुक्यात असायचं. डोळा काचेला लावला की फिकट, काळी, फिकट, काळी अशा रेघा खालून वर सरकत राहायच्या, आणि थोड्या वेळाने वाटायचं की रेघा जागच्या जागी आहेत, आपणच खाली चाललोय, पाण्यातून सावकाश. एका रेघेत किती माणसं जन्मली असतील, कोणाची लग्नं झाली असतील, कोणाचं गुरं विकायचं दुःख त्यात असेल, असं काहीबाही डोक्यात यायचं. मी गुंगून जायचे. सर म्हणायचे, "वर्ष ढकलू नकोस. येऊ दे त्याला." मला इतकं शांत आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि खरं सांगते, त्यानंतरही नाही.

मग एक दिवस म्हणाले, "आता तू मोजायचंस." त्यांच्या कामात मोजणारे नेहमी दोन. दोघांनी त्याच काचा वेगवेगळ्या मोजायच्या, आपापल्या वहीत लिहायचं, आणि रविवार संध्याकाळपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही. रविवारी वह्या शेजारी ठेवायच्या. जो फरक येईल तो लपवायचा नाही, तोच आपल्या अज्ञानाचा आकार. मी विचारलं, "आणि फरक आलाच नाही तर?" सर हसले. म्हणाले, "मग आपण दोघांपैकी एकजण घोरत होतो."

हा नियम त्यांनी किती पाळावा? त्याच हिमालयात परदेशातल्या काही मंडळींनी एका हिमनदीत खोल भोक पाडून बर्फाची कांडी काढली होती. बर्फातही वर्षावर्षाचे थर असतात. त्यांनी तोच दुष्काळ बर्फात शोधून त्याचं साल काढलं होतं, आणि सरांच्या एका जुन्या मित्राला ते कळलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा सर आमच्या स्वयंपाकघरात पोहे खात होते, कारण रेंज तिथेच यायची. "अरे अनंत, बर्फवाल्यांचा आकडा आला, ऐक..." एवढं कानावर पडताच सरांनी फोन समोरच्या तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण लावलं. डब्यातून बराच वेळ बारीक आवाज येत राहिला. आबा डब्याकडे बघत म्हणाले, "सर, तुमचा दोस्त लई तळमळतोय आत."

"तळमळू दे. त्याचा आकडा ऐकला तर माझे डोळे तोच शोधायला लागतील."

आबा सुरुवातीला सरांची भरपूर टिंगल करायचे. पारावर सांगायचे, "आमच्याकडं एक सर हायेत, चिखुल मोजत्यात." पण एकदा त्यांनी एक प्रश्न विचारला आणि सरांनी हातातला चमचा खाली ठेवला. आबा म्हणाले, "त्यो दुष्काळ आला तवा तितल्या लोकांना कळलं असंल का, का ह्ये आता जानार न्हाई म्हनून? का त्यांना वाटलं, म्होरल्या साली हुईल बरं?" सरांनी तो प्रश्न कागदावर लिहून मायक्रोस्कोपच्या वर भिंतीला चिकटवला. मला वाटतं, त्यानंतर आबांनी पारावरची टिंगल बंद केली.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही त्या काळ्या पट्ट्याच्या जवळ आलो. इथे रेघा इतक्या बारीक की श्वास रोखून बघावं लागायचं. आणि नेमकं तेव्हाच मला काही गोष्टी दिसायला लागल्या. सर चहा कपाच्या बाजूला ओतायचे. माझ्याशी बोलताना कोंबडीसारखी मान वाकडी करून तिरकं बघायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आल्यावर "वयाचं आहे" एवढंच म्हणाले. रविवारच्या वह्यांत त्यांचा आकडा माझ्यापेक्षा कमी यायला लागला. आधी थोडा, मग बराच. सर त्याच काचा पुन्हा मोजायला घ्यायचे, बस गेल्या की पुन्हा, दहापर्यंत, अकरापर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते बघवत नव्हतं.

मग मी एक पाप केलं. शनिवारी सर अंघोळीला गेले की त्यांची वही उघडायची, आकडे बघायचे आणि माझे आकडे त्यांच्या जवळ आणून लिहायचे. अगदी तेच नाही, एकदोन इकडेतिकडे. इतकी अक्कल होती मला. चार रविवार आमच्या वह्या छान जुळल्या. पहिल्या रविवारी सरांचा चेहरा खुलला, म्हणून मला पुण्य केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या रविवारी ते नुसतं "हं" म्हणाले. तिसऱ्या रविवारी जेवले नाहीत.

चौथ्या रविवारी त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या आणि म्हणाले, "सुरेखा, चांगल्या जाड रेघा होत्या तेव्हासुद्धा आपल्यात पाच-सहाचा फरक पडायचा. आता एवढ्या बारीक रेघांत एकाचा पडतोय. इतकं जुळत नसतं गं. दोन माणसं एवढी जुळायला लागली की त्यातल्या एकाने बघणं सोडलेलं असतं. मी तर बघतोय. निदान प्रयत्न करतोय."

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते ओरडतील, निदान उठून जातील. त्यांनी फक्त विचारलं, "माझ्या किती सुटतात?"

मी पदराने डोळे पुसत राहिले.

"आकडा सांग. आता सांगायचा."

"शंभरातल्या वीसेक," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर आबा अंगणात पेंढा झाडत होते. पाठमोरेच सर म्हणाले, "तू मला चार रविवार आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यावा तसं नेलंस. पण मला पलीकडे जायचं नव्हतं गं, मला रस्ता मोजायचा होता."  माझी लाज अजून गेलेली नाही.

मग त्यांनी वही मागितली. मला वाटलं, दिवाळीपासूनची पानं फाडतील. त्यांच्यात फाडत नाहीत, खोडतही नाहीत. पानाच्या समासात त्यांनी लिहिलं, 'या पानापासून मोजणाऱ्याची दृष्टी अधू आहे. हे आकडे धरू नयेत.' खाली सही केली. माझ्या वहीत मला लिहायला लावलं, 'या चार आठवड्यांचे आकडे खोटे आहेत,' आणि सही. मग आपली वही माझ्यापुढे धरून विचारलं, "ओळ सरळ आलीय का?"

"वाकडी आलीय सर. पण वाचता येते."

"छान," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोडे हसले.

माझे चार आठवडे मी पुन्हा मोजले, या वेळी प्रामाणिकपणे. पण दुसरा मोजणारा कुठून आणायचा? एकाच माणसाचा आकडा म्हणजे सरांच्या मते गावगप्पा. संस्थेतल्या तरुण मुलांना फोन करून झाले, कोणाला नेऱ्यात येऊन महिनोन्महिने चिखल बघायला सवड नव्हती. सर पेट्या परत बांधायला लागले. तेव्हा आबा दारात येऊन उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "माजं दोन्ही डोळं गेल्या साली कापून आनल्यात. मोतीबिंदू न्हाई, काय न्हाई. लांबच्या डोंगरावरची शेळी दिसतीया. मी मोजू का?"

"आबा, तुम्ही?" मीच ओरडले.

"का? रेगाच हायेत ना? भाताच्या पेंढ्या मोजत जलम ग्येला माजा."

आबांना शंभराच्या पुढे कागदावर लिहिताना गडबड व्हायची. म्हणून ते चिंचोके घेऊन बसले. एक वर्ष गेलं की एक चिंचोका परातीत. पट्टी संपली की सर परातीतले चिंचोके बोटांनी चाचपून मोजायचे आणि स्वतः वहीत लिहायचे. दिवाळीपासूनच्या काचा त्यांनी पहिल्यापासून मोजल्या, आणि पुढच्या सकाळी मी, दुपारी आबा. मधे सर, आम्ही आकडा फोडू नये म्हणून पहारा देत. जेवायला बसलो की आबा माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे, आणि सासूबाई कपाळावर हात मारायच्या, "अगं बया, ह्यांचं तोंड कुनी शिवलं?" आबा रेघांशी बोलायलाही शिकले. एकदा खोलीतून ऐकू आलं, "आरं, तुला बी पानी न्हाई व्हय? तुज्या म्होरल्याला बी न्हाई."

सगळ्या काचा संपल्या त्या दिवशी आमच्या दोघांच्या आकड्यांत एकोणीस वर्षांचा फरक होता. सरांनी मित्राला फोन लावला आणि म्हणाले, "आता सांग." बर्फाचा आकडा आमच्यापासून साठेक वर्षं लांब होता.

"मंग चुकलं कोन?" आबा म्हणाले. "आमी का बरफ?"

"माहीत नाही."

"ह्ये असंच लिव्हायचं?"

"असंच लिहायचं."

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं होतं. जाड रेघांपासून त्या केसासारख्या रेघांपर्यंत, आबांनी मोजल्या तर सात, मी मोजल्या तर आठ. सर पुन्हा पुन्हा विचारत होते आणि आम्ही पुन्हा पुन्हा सांगत होतो, सात, आठ. आबा भिंतीवरच्या आपल्या प्रश्नाकडे बघत म्हणाले, "म्हंजे पोर शाळंत जायच्या आत पानी ग्येलं. कुनाला काय कळनार हुतं मंग." आणि त्यांनी डोळे पुसले. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी रडणारे आबा मी त्या दिवशी पाहिले. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि दोघे म्हातारे तसेच बसून राहिले. मी चहा टाकायच्या निमित्ताने बाहेर आले.

सरांनी जो लेख पाठवला त्यावर माझं नाव आहे आणि आबांचंही आहे. सरांची नजर मात्र तोपर्यंत मधोमध पार गेली होती, फक्त कडेचं थोडं दिसायचं. नाशिकहून भाचा त्यांना न्यायला येणार होता. पेट्या संस्थेत परत गेल्या.

त्याच आठवड्यात आमच्या घरामागच्या भातखाचरात बिल्डरचा जेसीबी आला. आबा आणि त्यांच्या भावांत वाटण्या होऊन ती जमीन विकली गेली होती. खाचराच्या उताराच्या कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा खणला, तिथे इमारतीचा खांब उभा राहणार. सकाळी मी सरांना हात धरून तिकडे नेलं, सहज, पाय मोकळे करायला. आबा आधीच काठावर उभे होते. उन्हात खड्ड्याची भिंत ओली चमकत होती आणि तिच्यात काळ्या, बारीक, आडव्या रेघा होत्या. एकीखाली एक.

"ह्यो राब," आबा म्हणाले. दरसाल पावसाआधी भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात तो राब. पावसाचं पाणी त्याची राख वाहून या खालच्या कोपऱ्यात आणायचं, मग वर गाळ बसायचा. दरसाल राख, दरसाल गाळ. हा कोपरा आम्ही कधी नांगरला नव्हता, तिथे नुसता चिखल असायचा. "वरली माजी हायेत. त्याखाली माज्या बापाची. त्याच्या खाली आज्ज्याची असत्याल."

सरांनी चप्पल काढली आणि मातीच्या ढिगावरून बसत घसरत खड्ड्यात उतरले. मी ओरडले, पण ऐकतात कुठले? त्यांनी दोन्ही तळवे भिंतीला लावले. मग एका बोटाने चाचपायला लागले. राख मऊ लागते, गाळ खरखरीत. बोट मऊ जागी थांबायचं, जरा दाबायचं, खाली सरकायचं. मान नेहमीसारखी वाकडी नव्हती. त्यांना आता तिरकं बघायची गरजच नव्हती. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. दिवाळीपासून त्यांच्या चेहऱ्यावर जो एक ताण बसला होता, तो मी त्या क्षणी उतरताना पाहिला. मला खूप आनंद झाला, आणि रडूही आलं.

मीही काठावरून मोजायला लागले, मनातल्या मनात. तेवढ्यात काँक्रीटचा मिक्सर घरघरत खड्ड्याशी येऊन थांबला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "अरे चाचा, निकालो उनको, माल जम जाएगा!"

सर आज्ज्याच्या रेघांपर्यंत पोचले होते. आबा वळले आणि दोन्ही हात पसरून मिक्सरच्या समोर आडवे उभे राहिले.

"ठैर रं जरा," ते म्हणाले. "सर मोजत्यात."